जीपगाडींतील वानप्रस्थ

उतारवयांत मनुष्यानें अरण्याची वाट धरावी, असें आमचे शास्त्रकार सांगून गेले आहेत. परंतु ती वाट चार चाकांच्या दांडग्या गाडींत, कमरेस पट्टा आवळून व अवघ्या पांच तासांच्या बोलीनें धरावी, हें मनूच्या स्वप्नींहि आलें नसेल. गेल्या जानेवारींत तो योग आम्हांस आला. चिरंजीव टेक्सासमध्यें ह्यूस्टन येथें नोकरीस असतात. त्यांनीं आम्हां उभयतांस पांच दिवसांच्या सागरपर्यटनास नेलें. गॅल्व्हेस्टन बंदरांतून निघालेलें जहाज तिसऱ्या दिवशीं सकाळीं मेक्सिकोच्या कोझुमेल बेटास लागलें. जहाजावरील नाचगाणें, रात्रंदिवस चालणारी भोजनशाळा व पोहण्याचे हौद यांविषयीं लिहिण्यासारखें पुष्कळ असलें तरी लिहावेंसें फारसें कांहीं नाहीं. कोझुमेलची गोष्ट निराळी.

हें बेट सुमारें ४८ किलोमीटर लांब व १६ किलोमीटर रुंद असून जवळजवळ तळहातासारखें सपाट आहे. माया लोकांच्या भाषेंत त्याच्या नांवाचा अर्थ 'पाकोळ्यांचें बेट' असा सांगतात. सारी भूमि चुनखडीची. पाऊस पडला कीं तो खालीं मुरतो, म्हणून जमिनीवर एकहि नदी नाहीं. पाणी भुयारांतून वाहतें, आणि जेथें भुयाराचें छत कोसळलें तेथें निसर्गानेंच खोदलेली विहीर तयार होते. तिला तेथें 'सेनोते' म्हणतात. अशा एका सेनोतेपर्यंत रानवाटेनें गाड्या हांकीत जावें, पुढें पूर्वकिनाऱ्यावर भोजन करावें व त्याच वाटेनें परतावें, असा बेत होता. नऊ वर्षांचा नातू मात्र यावयास तयार होईना. जहाजावर मुलांसाठीं खेळघर असतें. तेथें त्याची नोंद करून आम्ही चौघे उतरलों.

या सहलीची मौज अशी कीं, गाडी पाहुण्यानेंच हांकावयाची. आठ गाड्यांचा तांडा, सर्वांपुढें वाटाड्या. चिरंजीवांचें मनगट आठवड्यापूर्वीं मुरगळलें होतें, म्हणून चक्र सूनबाईंच्या हातीं आलें. मागें बसलें कीं मळमळतें, या सबबीवर घरची मंडळी त्यांच्या शेजारीं जाऊन बसली. सून हांकते आहे, सासू वाट सांगते आहे, आणि घरांतील दोघे पुरुष सामानाप्रमाणें मागें, असा तो थाट होता.

निघण्यापूर्वीं वाटाड्यानें जो पाठ दिला तो आमच्या चाळीस वर्षांच्या अध्यापनास लाजविणारा होता, इतका तो थोडक्यांत व स्पष्ट होता. साध्या मोटारींत यंत्राचा जोर दोन चाकांस मिळतो. या गाडींत एक लहान दांडा ओढला कीं तो चारी चाकांस मिळतो, आणि आणखी एक टप्पा ओढला कीं वेग घटून ओढ वाढते. घाट चढतांना जादा बैलजोडी जुंपावी, तसेंच तें. चिखलांत ब्रेक दाबावयाचा नाहीं. वेग थोडा पण एकसारखा ठेवावयाचा. पुढची गाडी खड्ड्याबाहेर पडेपर्यंत आपण आंत उतरावयाचें नाहीं. सूनबाईंनीं तें सर्व इतक्या एकाग्रतेनें ऐकलें कीं आमच्या वर्गांत तसा विद्यार्थी क्वचितच लाभला.

रान आमच्या कोंकणाएवढें उंच नाहीं; पण दाट आहे. वाट म्हणजे उघडे पडलेले चुनखडीचे दांत व त्यांमधून सांचलेला पांढुरका चिखल. दर हिसक्याला "जपून ग!" हे उद्गार पुढून येत, आणि सूनबाई "हो आई" म्हणून तितक्याच वेगानें पुढें जात. एके ठिकाणीं वाटाड्यानें तांडा थांबवून काळे डाग पडलेल्या सालीचें एक झाड दुरूनच दाखविलें. त्याचें नांव चेचेन. त्याचा चीक अंगास लागला तर फोड उठतात. त्यावरचा उतारा म्हणजे चाकाह नांवाचा वृक्ष. तो बहुधा जवळपासच सांपडतो, असें तेथील लोक म्हणतात. चाकाहची साल तांबूस असून तिचे पापुद्रे सुटतात. उन्हानें भाजलेल्या गोऱ्या प्रवाशांवरून त्याला थट्टेनें 'प्रवाशाचें झाड' असेंहि म्हणतात. मंडळींनीं चेचेनकडे नीट पाहून निर्णय दिला, "अहो, हा तर आपला बिब्बाच!" आम्हीं मागाहून शोध केला तों निर्णय बरोबर निघाला. चेचेन, बिब्बा, काजू व आंबा हीं सारीं एकाच कुळांतील झाडें आहेत. चाकाहचें कूळ गुग्गुळाचें.

सेनोतेचें पाणी खोल व हिरवेंगार होतें. तरुण मंडळी त्यांत उड्या टाकूं लागली. आम्ही कांठावर वाटाड्याशीं बोलत बसलों. चिरंजीव दुभाष्याचें काम करीत होते. हा गृहस्थ माया वंशाचा. ज्या लोकांनीं स्वतंत्रपणें शून्य जाणलें व विसांच्या पटींत गणित चालविलें, त्यांच्या पोथ्या १५६२ सालीं यूकातानमधील मानी या गांवीं दियेगो दे लांदा नामक पाद्र्यानें जाळविल्या. आज त्यांच्या प्राचीन पोथ्यांपैकीं साऱ्या जगांत चार उरल्या आहेत. ज्याचें बालपण पोथ्यांच्या रुमालांत गेलें त्याच्या पोटांत हें ऐकून कालवावें, यांत नवल नाहीं. आम्हीं विचारलें, "तुमच्या घरीं आतां ती भाषा कोण बोलतें?" तो म्हणाला, "आजी बोलत असे. मी बोलतों. मुलांशीं मी मायांत बोलतों, तीं स्पॅनिशमध्यें उत्तर देतात." याचें भाषांतर करतांना चिरंजीव मध्येंच अडखळले व पाण्याकडे पाहूं लागले. आमचा नातू आजीला इंग्रजींत उत्तर देतो. त्यावर तेथें कोणी कांहीं बोललें नाहीं.

याच बेटावर इश्चेल देवीचें स्थान होतें. मुख्य भूमीवरून स्त्रिया होड्यांतून समुद्र ओलांडून तिच्या यात्रेस येत. बाळंतपणाची ती देवता. सान गेर्वासियो येथें त्या स्थानाचे अवशेष आहेत. आमच्या कार्यक्रमांत तें नव्हतें. तें कोणत्या दिशेस आहे एवढें मंडळींनीं विचारून घेतलें व तिकडे तोंड करून हात जोडले.

पूर्वकिनाऱ्यावरचें भोजन निरामिष मिळालें हें नमूद केलें पाहिजे. मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून वाटलेल्या पिठाची पातळ भाकरी आणि काळ्या घेवड्याची उसळ. तोंडाला अगदीं ओळखीचें वाटलें.

परततांना घोटाळा झाला. आमच्या पुढच्या गाडीच्या चालकानें भर चिखलांत ब्रेक दाबला आणि गाडी खडकावर पोट टेकून बसली. पट्टे आणले, ओढलें, दगड भरले. पाऊण तास गेला, एक तास गेला. जहाजाची शिडी साडेतीनला उचलणार होती. ही सहल जहाजाच्या कचेरीमार्फत न घेतां बंदरावरील दुसऱ्या कंपनीकडून घेतलेली, त्यामुळें जहाज आमच्यासाठीं थांबण्याचें कारण नव्हतें. पारपत्रें जहाजावर, आणि पोर जहाजावर! वाटाड्याच्या मनगटावर चार वाजावयास वीस मिनिटें होतीं. सूनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मंडळींचा रामरक्षेचा पाठ कितव्यांदा चालला होता कोण जाणे.

तेव्हां वाटाड्याच्या ध्यानांत आमची भीति आली. तो म्हणाला, हें बेटाचें घड्याळ. तुमचें जहाज टेक्सासच्या वेळेवर चालतें. २०१५ सालीं या बेटाच्या राज्यानें आपलीं घड्याळें एक तास पुढें नेलीं. म्हणून हिंवाळ्यांत जहाज बेटाच्या एक तास मागें असतें. जहाजावर आतां पावणेतीनहि वाजले नव्हते. ही गोष्ट कंपनीनें निघतांनाच सांगावयास नको होती काय?

तरी खड्डा होताच, आणि अर्ध्या तासाची वाट होती. पुढची गाडी निघाल्यावर आमची पाळी आली. सूनबाईंनीं डोळे पुसले, दांडा ओढला व गाडी आंत घातली. ती एका अंगावर कलली. आम्हीं चिरंजीवांचा, आणि तोहि दुखरा, हात धरला. पुढून आवाज आला, "थांबूं नकोस! माझ्याकडे पाहूं नकोस, पुढें पाहा!" चाकें घसरलीं, चिखल कांचेवर उडाला, मग खडकावर पकड बसली आणि आम्ही कोरड्या वाटेवर होतों. मंडळींनीं सूनबाईंच्या पाठीवर थाप मारली. बावीस वर्षें मंगळागौरीच्या फुगड्या शिकविलेल्या हाताची ती थाप!

जहाजाच्या शिडीपाशीं पोंचलों तेव्हां तीन वाजून वीस मिनिटें झालीं होतीं. नातू खेळघरांत रंगांनीं माखून बसला होता; त्याला आमची आठवणहि झाली नव्हती. त्यानें इंग्रजींत विचारलें, खड्डा केवढा होता? आजीनें दोन्ही हात पसरून मराठींत सांगावयास आरंभ केला, आणि रात्रीं जेवणाच्या टेबलापर्यंत तो खड्डा वाड्याच्या विहिरीएवढा झाला होता.