रुंदीचं गणित

हौसेनं लिहिलेल्या माझ्या टेक्स्ट एडिटरमध्ये आई तिच्या आठवणी टाइप करते. परवा म्हणाली, "अरे, क्लिक करते एकीकडे आणि खोडलं जातं भलतंच. माझंच काहीतरी चुकतंय बघ."

शेजारी बसून पाहिलं. "क्षितिज" लिहून झालं की कर्सर शब्द सोडून पुढे रिकाम्या जागेत उभा!

डोळ्यांना ही तीन अक्षरं. युनिकोडमध्ये मात्र सात: क, पाय मोडायची खूण, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. माझा प्रोग्राम या सातांची रुंदी सुटी मोजून बेरीज करायचा. पण जोडलेला क्ष सुट्या क आणि ष इतकी जागा घेतच नाही. त्यामुळे ओळ लांबेल तशी चूक वाढत जायची.

आता हार्फबझ या लायब्ररीकडून आधी अख्खी ओळ जुळवून घेतो, मग रुंदी मोजतो. कर्सरही पूर्ण अक्षरापाशीच थांबतो. काम एका संध्याकाळचं.

आई मात्र तीन महिने स्वतःला दोष देत होती. आणि मी? सगळ्या चाचण्या इंग्रजीत करून निर्धास्त होतो. तिथे बेरीज जुळत होती ना!