सुटकेच्या तारखा

गोव्यात राहणाऱ्याला स्वातंत्र्याची एकच तारीख पुरत नाही. 18 जून 1946 ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, तो क्रांतिदिन. 15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, पण इथे पोर्तुगीजच होते. 19 डिसेंबर 1961 हा मुक्तिदिन, 16 जानेवारी 1967 जनमत कौलाचा दिवस, 30 मे 1987 घटकराज्य दिन. शाळेत आपण सगळ्यांनीच या तारखा पाठ केल्यात.

मी कॅथलिक, आणि शिकते मराठी साहित्य. त्यामुळे यातल्या दोन तारखा जवळ आल्या की मला प्रश्न ठरलेले. डिसेंबरात कुणीतरी हसत विचारतं, "पोर्तुगीज गेले तेव्हा तुमच्या लोकांना वाईट वाटलं असेल ना?" आणि जानेवारीत, "मराठी घेतलीस म्हणजे तू विलीनीकरणवाली?" धर्मावरून एक उत्तर गृहीत, भाषेवरून दुसरं. मला बोलायला जागाच उरत नाही.

पहिल्या प्रश्नाला मी आता नावं सांगते. 1928 मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापन करणारे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा कॅथलिक होते. 1955 पासून 1961 पर्यंत सीमेपलीकडच्या जंगलातून गुप्त रेडिओ केंद्र चालवलं ते लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी. पुढे दोघांनी लग्नही केलं.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आहे मडगावच्या 'राष्ट्रमत'चं. विलीनीकरणाच्या विरोधातली धार उदय भेंब्रे यांच्या 'ब्रह्मास्त्र' या सदरात होती, आणि ते सदर मराठीत होतं! गोवा महाराष्ट्रात जाऊ नये, हे लोकांना मराठीतूनच पटवलं गेलं. मतदानात दोन पानांना 1,72,191 मतं पडली, फुलाला 1,38,170. एकट्या कॅथलिकांच्या मतांवर हा निकाल लागला नसता. आमच्या आजीनेही तेव्हा मत दिलं होतं. कुणाला, म्हणून विचारलं तर म्हणते, "मत गुपित असतं गो बाय." इतक्या वर्षांत तिने आजोबांनाही सांगितलं नाही म्हणे.

पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात ती दोन माणसं, जी त्या दिवशी मत द्यायला इथे नव्हतीच. मोहन रानडे सांगलीचे, सावईवेऱ्यात मराठी शिकवणारे शिक्षक. तेलो माश्कारेन्यश गोव्याचे कॅथलिक कवी-पत्रकार. एकाची भाषा माझी, दुसऱ्याचा धर्म माझा. 19 डिसेंबरला पणजीत तिरंगा चढला, तेव्हा दोघेही पोर्तुगालच्या तुरुंगात होते. जनमत कौल झाला, तेव्हाही तिथेच. रानडे सुटले 1969 मध्ये. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी जिवाचं रान केलं. तेलो सुटले थेट 1970 मध्ये. ज्यांनी गोवा सोडवायचा म्हणून आयुष्य लावलं, त्यांना सोडवायला मुक्त गोव्यालाही सात-आठ वर्षं लागली.

त्यांची सुटका झाली ते दिवस शाळेच्या फळ्यावर कधी लिहिलेले मी पाहिले नाहीत. यंदा मंडळाच्या मुक्तिदिन कार्यक्रमात मला पाच मिनिटं मिळाली आहेत. लढ्याबद्दल बाकीचे बोलतीलच. मी 1969 आणि 1970 बद्दल बोलणार आहे.