तुम्ही जरा बाहेर बसा

कोणी म्हातारं माणूस अर्ज द्यायला आलं, की मी आधी त्याला घेऊन आलेल्याला बाहेर बसवते. बहुतेकांना ते आवडत नाही. "तिला काय कळतंय मॅडम? मी सांगतो ना सगळं." तो सगळं सांगणार, म्हणूनच त्याला बाहेर बसवायचं असतं.

मी पॅरा लीगल व्हॉलंटियर आहे. तालुका विधी सेवा समितीत आम्हाला पीएलव्ही म्हणतात आणि गावात 'कोर्टातल्या बाई'. मी वकील नाही, कोर्टात उभं राहून बाजू मांडायचा मला अधिकार नाही. पगार नाही, कामाच्या दिवसाचं मानधन मिळतं, तेही त्याच्या सवडीनं. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर मी हे प्रशिक्षण घेतलं. लोकांची कागदपत्रं जमवायची, अर्ज लिहायचे, तारखेला सोबत जायचं आणि साहेब काय म्हणाले ते साध्या भाषेत सांगायचं, असं हे काम.

माणदेशातल्या एका गावच्या आजी त्यांच्या लेकीबरोबर आल्या. लेकीनं अर्ज टाइप करूनच आणला होता. नवऱ्यानं आजींच्या नावावर घेतलेलं रान आजींनी मुलाला बक्षीसपत्रानं दिलं होतं. पोटच्या मुलाला शेतजमीन किंवा राहतं घर द्यायचं तर आपल्याकडे मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये पडतं, त्यामुळे दस्त झटकन होतो. फेरफार झाला, सातबारा बदलला आणि वर्ष उलटायच्या आत आजींचं अंथरूण गोठ्याशेजारच्या खोलीत गेलं. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1,500 रुपये यायचे, पण पासबुक सुनेकडे. घराला कुलूप, चावी सुनेच्या कमरेला.

लेकीचा अर्ज कलम 23 खाली होता. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदा महाराष्ट्रात 1 मार्च 2009 पासून लागू आहे. 'सांभाळीन' या अटीवर घेतलेली मालमत्ता घेणाऱ्यानं सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण या कलमानं रद्द होऊ शकतं. अडचण दस्ताच्या मजकुरात असते. सगळ्यांचा मसुदा एकच, 'नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी'. सांभाळाचा शब्द नाही. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2022 मध्ये म्हटलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल. जानेवारी 2025 च्या निकालात त्याच न्यायालयानं कायद्याचा हेतू बघून उदारपणे अर्थ लावला आणि मध्य प्रदेशातल्या एका आईचं दानपत्र रद्द केलं. पण तिथं 'सांभाळीन' असं मुलानं वेगळ्या कागदावर लिहून दिलेलं होतं. आमच्या आजींकडे तसलं काही नव्हतं. मुलाला कोण लिहून मागतं?

तरी अर्ज टिकेल असं मला वाटत होतं. लेक बाहेर गेली. मी विचारलं, "आजी, रान परत पाहिजे का?"

"नगं."

मी थांबले. त्या पदर सारखा करत म्हणाल्या, "माज्या नावावर आलं की ही म्हनंल मला दे. म्हंजे पुन्यांदा तेच. मला म्हैन्याला पैसं पायजेत, पासबुक पायजे आन दाराची चावी."

आता खरं अवघड काम सुरू झालं. हे त्या मनानं बोलत होत्या की भीतीनं? परत त्याच घरात झोपायचं आहे म्हटल्यावर माणूस बरंच काही नको म्हणतं. म्हणून त्या दिवशी सही घेतली नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी त्या उपकेंद्रात येतात, तिथं मी त्यांना मुलगा-मुलगी कोणी नसताना गाठलं आणि प्रश्न उलटा फिरवून विचारला. उत्तर तेच आलं. चावी या वेळी पहिली आली, एवढाच फरक.

मग कलम 23 चा कागद बाजूला ठेवून आम्ही फक्त चरितार्थाचा अर्ज केला. तो प्रांतांपुढे चालतो. ते या कायद्याखालच्या न्यायाधिकरणाचे अध्यक्ष असतात. कायद्यानं इथं वकील उभा करायला मनाई केली आहे (काही उच्च न्यायालयांनी यावर वेगळं मत दिलंय), त्यामुळे अर्जातली वाक्यंच वकिली करतात. मिळणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा महिन्याला 10,000 रुपये. चरितार्थ म्हणजे पोटापुरतं अन्न नव्हे. कपडे, निवारा, औषधोपचारही त्यात येतात. या 'निवारा' शब्दावर मी चावी अडकवली.

लेक भयंकर संतापली. "तुम्ही त्याला फितूर झालात," असं चारचौघांत म्हणाली. तिच्या रागात खोटं काही नव्हतं, आईला तिनंच डॉक्टरकडे नेलं, तिनंच इथवर आणलं. पण तिचं भलं आणि आईचं भलं एका अर्जात बसत नव्हतं, आणि मी आजींसाठी बसले होते.

सलोख्याच्या बैठकीत मुलगा पैशाला लगेच तयार झाला. पासबुक त्यानं तिथंच टेबलावर ठेवलं. चावीवरून मात्र तास गेला. "घरात सोनंनाणं असतं," असं तो म्हणत राहिला. आजी मध्येच म्हणाल्या, "त्यातलं निम्मं माजंच हाय." शिपायासकट सगळे हसले, मुलगा सोडून. आदेशात चावीचा उल्लेख आला. रक्कम दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत आजींच्या खात्यात जमा करायचं ठरलं.

चार-सहा महिने पैसे नीट आले. आता आषाढाचे आलेले नाहीत. रक्कम थकली तर वसुलीचं वॉरंट काढता येतं, नंतर कैदसुद्धा होऊ शकते. पण रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो. मी अर्ज लिहून आजींकडे गेले, वाचून दाखवला.

"दिवाळी होऊ दे," त्या म्हणाल्या. "लेकरं येत्यात घरला."

मुदत दिवाळीच्या आधी संपते, असं मी बोटांवर महिने मोजून सांगितलं.

"मग श्रावनाचं लिव," आजी म्हणाल्या. "आषाढाचं सोडलं म्या."