मासे सगळ्यांत शेवटी

वाढदिवसाच्या निमित्ताने घरात फिशटँक येतो, तो बहुधा एका संध्याकाळीच. काचेची टाकी, निळी-लाल खडी, प्लॅस्टिकची वेल, बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा, निळ्या औषधाची बाटली आणि हवा भरून फुगवलेल्या पिशवीत दहा-बारा मासे असा सगळा सरंजाम एका खेपेत येतो. रात्रीच्या जेवणाआधी टाकी भरते, दिवा लागतो, फोटो निघतात. चार-आठ दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमिट करू लागतात आणि महिनाभरात निम्मे जातात. मग दोष पाण्याला, दुकानदाराला, नाहीतर मुलाच्या निष्काळजीपणाला मिळतो. यात मुलाचा दोष सगळ्यांत कमी असतो. चुकलेला असतो तो क्रम. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला पहिली टाकी द्यायची असेल, तर ती खऱ्या पाणवनस्पती लावलेली आणि बिनमाशांची द्यावी, आणि निदान सहा आठवडे तिच्यात एकही मासा सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. पुष्कळांना ही अट जाचक वाटते, म्हणून तिच्यामागची कारणं जरा सविस्तर सांगतो.

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात मलविसर्जन करतो, आणि त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडत असतो. नदीत तो वाहून जातो. काचेच्या चार भिंतींत त्याला जायला वाट नाही. हा अमोनिया खाणारे जिवाणू असतात. ते त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. सेर्गेई विनोग्राद्स्की यांनी 1890च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. नायट्राइटही विषारीच, ते माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं आणि पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य. आता अडचण अशी, की दूध नासवणाऱ्या जिवाणूंची संख्या वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते, पण या नायट्रीकरण करणाऱ्यांना त्यासाठी अनेक तास, पुष्कळदा एखादा दिवसही लागतो. त्यांची वस्ती फिल्टरच्या स्पंजवर, वाळूच्या कणांवर, पानांवर जमायला चार ते सहा आठवडे जातात. शौकीन मंडळी याला टाकी ‘सायकल होणं’ म्हणतात. मला ‘मुरणं’ हा लोणच्याचा शब्द जास्त पटतो. न मुरलेल्या टाकीत दहा मासे सोडणं म्हणजे संडास बांधायच्या आधी घरात वऱ्हाड उतरवणं. त्यात पाणी बोअरचं आणि चढ्या पीएचचं असेल तर आणखी पंचाईत. पाण्याचा पीएच 7 असताना एकूण अमोनियाचा 1 टक्क्याहूनही कमी भाग खऱ्या विषारी रूपात असतो. 25 अंश तापमानाला पीएच 8 झाला की तोच भाग 5 टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून दोन घरांत एकाच दुकानातले मासे येतात आणि एका घरातले जगतात. लोक त्याला हातगुण म्हणतात.

वनस्पती इथे शोभेसाठी नाहीत. बऱ्याच पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियाच आधी उचलतात. डायना वॉल्स्टॅड यांनी आपल्या ‘इकॉलॉजी ऑफ द प्लँटेड अ‍ॅक्वेरियम’ या 1999च्या पुस्तकात हा मुद्दा विस्ताराने मांडला आहे. म्हणजे जिवाणूंची वस्ती होईपर्यंत दाट लावलेली टाकी स्वतःच गाळणीचं काम करू लागते. ही कल्पना नवी म्हणावी तर रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनतज्ज्ञाने 1850मध्ये दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची रोपं एकत्र ठेवून हाच प्रयोग केला होता. जुनी पानं कुजून पाणी गढूळ होऊ लागलं, तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या आणि टाकी सावरली. त्याचं लक्ष मुख्यतः प्राणवायूवर होतं, अमोनियाचं प्रकरण त्याच्या काळात कोणाला ठाऊक नव्हतं. पण मासा एकटा ठेवायचा नसतो, त्याच्यासोबत संपूर्ण संसार ठेवावा लागतो, हे त्याने ओळखलं. आपल्या पहिल्या टाकीला महागडी रोपं, कार्बन डायऑक्साइडची नळकांडी, जपानी मत्स्यालय-रचनाकार ताकाशी अमानोंच्या शैलीतली दगडांची रचना यांतलं काही लागत नाही. भराभर वाढणारी हायग्रोफिला, व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला सुरुवातीला दाटीने लावावी. सोबत अनुबियास किंवा जावा फर्न लाकडाला दोऱ्याने बांधावं. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं. दिवा रोज सहा तास, टायमर लावून. प्लॅस्टिकची वेल सोपी खरी, पण ती अमोनिया खात नाही.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: या वयाचं पोर दीड महिना रिकाम्या टाकीकडे बघत बसणार नाही, आठ दिवसांत मोबाइलकडे वळेल. आक्षेप खोटा नाही, पण टाकी रिकामी असते हे गृहीतक चुकीचं आहे. पहिल्या पंधरवड्यात क्रिप्टोकोरायनीसारख्या रोपाची पानं विरघळतात आणि रोप मेलं असं वाटतं. मुळाशी हात न लावता थांबलं तर तिथूनच नवी, पाण्याला सरावलेली पानं फुटतात. रोपवाटिकेत बरीच रोपं पाण्याबाहेर वाढवलेली असतात, त्यामुळे जुनी पानं टाकून देणं हा त्यांचा व्यवहारच आहे. मग काचेवर तपकिरी थर येतो, तो डायटम या सूक्ष्म शेवाळाचा. पुढे बहुधा तो आपोआप ओसरतो. रोपांबरोबर आलेल्या गोगलगायी दिसू लागतात. एक दिवसाआड चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं, म्हणजे कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो, आणि थेंबांच्या किटने मोजून वहीत लिहायचं: आधी अमोनिया चढतो, मग तो उतरताना नायट्राइट चढतं, मग तेही शून्यावर येतं. दाट झाडीत हे चढउतार पुसट दिसतात, क्वचित दिसतही नाहीत. पुस्तकातला आलेख इतक्या सावकाश, डोळ्यांदेखत उभा राहण्याची संधी दुसरीकडे मिळत नाही. ज्याला यात रस वाटत नाही त्याला पुढे मासे सांभाळण्यातही वाटणार नाही, आणि ते मासे येण्याआधी कळलेलं बरं.

दुसरा आक्षेप अनुभवाचा असतो. ‘आमच्याकडे हे काही केलं नव्हतं, तरी मासे दोन-दोन वर्षं जगले.’ जगतात. गप्पीसारखा मासा गटाराच्या पाण्यातही तग धरतो, म्हणूनच डास आटोक्यात ठेवायला तो डबक्यांत सोडतात. पण तगणं ही कसोटी कशाला धरायची? शिवाय त्याच घरांत महिन्याला एकदा टाकी साफ होते तेव्हा काय चालतं ते आठवावं. मासे बादलीत, सगळं पाणी मोरीत, खडी नळाखाली खळखळून, स्पंज साबण नाही तरी क्लोरीनच्या पाण्यात पिळून. टाकी लख्ख होते, आणि महिनाभर जमलेले जिवाणू वाहून जातात. वर निळ्या औषधाचे थेंब पडतात; ते मेथिलीन ब्लू असेल तर उरलेल्या जिवाणूंनाही बाधतं. आपल्याकडची भांडी घासायची शिस्त इथे नडते. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा आणि दर आठवड्याला चौथाई पाणी बदलावं. नवं पाणी नळाचं असेल तर क्लोरीन मारणारे थेंब घालून. चौथाईच का, याचं गणित सोपं आहे. समजा नायट्रेट आठवड्याला लिटरमागे 10 मिलिग्रॅमने वाढतं. चौथाई पाणी बदलत राहिलं तर ते 40च्या वर कधी जाणार नाही, कारण 40 झालं की 10 पाण्याबरोबर जातात आणि 10च परत येतात. निम्मं बदललं तर मर्यादा 20. काहीच बदललं नाही आणि रोपंही नसली, तर वर्षात 500 ओलांडतं.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. जिवाला काचेत कोंडणं मुळात योग्य का, असं कोणी विचारलं तर काचेच्या वाडग्यातल्या फायटर माशाबद्दल आणि दोन फुटी टाकीतल्या गोल्डफिशबद्दल मी विचारणाऱ्याच्याच बाजूने आहे. इतकंच म्हणता येईल, की बोटभर लांबीचे, थव्याने राहणारे मासे दाट झाडीत सोडले तर ते लपतात, पाठलाग करतात, कधी अंडीही घालतात. त्यासाठी टाकी फार लहान नको. 24 बाय 12 बाय 15 इंचांत सुमारे सत्तर लिटर पाणी मावतं, आणि भरलेली टाकी ऐंशी-नव्वद किलोंची होते, तेव्हा अभ्यासाच्या टेबलावर ती ठेवू नये. लहान टाकी स्वस्त वाटते, पण थोड्या पाण्यात प्रत्येक चूक तीव्र होते. एवढ्या जागेत आठ-दहा हार्लेक्विन रासबोरा, तळाला पाच-सहा कुहली लोच आणि हनी गुरामीची एक जोडी पुरे. पाणी जड असेल तर रासबोरा आणि गुरामीचा नाद सोडून प्लॅटी किंवा नुसते नर गप्पी. माद्या घेतल्या तर तीन महिन्यांत मासे वाटत फिरावं लागतं. काच साफ करतो म्हणून दिला जाणारा सकर मासा हातभर वाढतो. मग तो ‘सोडून देऊ’ म्हणत नदीत जातो, आणि तिथल्या माशांच्या मुळावर येतो. त्यात पुण्य अजिबात नाही.

मुहूर्ताचं म्हणाल तर मे महिन्याची सुट्टी उत्तम. या जिवाणूंना ऊब मानवते, माशांना मात्र मे महिना जड जातो: 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. (विदर्भात बंद खोलीतलं पाणी याहून तापतं, तिथे दिवाळीची सुट्टी धरावी आणि थंडीसाठी हीटर घ्यावा.) मेच्या पहिल्या आठवड्यात रोपं लावली तर जूनच्या मध्यावर, पाऊस पडून पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं तेव्हा, टाकी तयार असते. वहीत सलग आठवडाभर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य असं दिसलं, की दुकानात मुलालाच जाऊ द्या, मासे त्यालाच निवडू द्या. पहिल्या खेपेला सहाच आणा. बाकीचे दोन आठवड्यांनी.