हल्ल्याआधीची चित्रं

‘कपहेड’ हा व्हिडिओ गेम खेळावा का, असं ॲनिमेशन शिकणारी मुलं मला नेहमी विचारतात. विचारणाऱ्यांतल्या बहुतेकांनी तो सुरू करून सोडलेला असतो. चित्रं बघून हुरळून गेलेले असतात, पहिल्या-दुसऱ्या बॉसने, म्हणजे लढतीतल्या मोठ्या शत्रूने, लोळवलेलं असतं आणि कंट्रोलर बाजूला पडलेला असतो. ‘मॅडम, एवढं देखणं काढलंय, तर निवांत बघू का देत नाहीत?’ प्रश्न रास्त आहे. तरीही मी ‘खेळा’ असंच सांगते, आणि ते लाइटबॉक्सवर वाकून चित्रं काढणारी बाई म्हणून सांगते.

कॅनडातल्या चॅड आणि जॅरेड मोल्डनहॉअर या भावांचा हा गेम २०१७ च्या सप्टेंबरात आला. तो पुरा व्हावा म्हणून त्यांनी घरं गहाण टाकली होती. १९३० च्या दशकातली अमेरिकन कार्टून्स, त्यातही मॅक्स फ्लायशर यांच्या स्टुडिओची, हे त्यांचं दैवत. हातापायांत हाडंच नाहीत अशी वळणारी माणसं, डोळे उगवलेली भांडीकुंडी आणि भाज्या, सगळं त्या वळणाचं. कामाची रीतही तीच: कागदावर पेन्सिल, त्यावर शाई, मागची दृश्यं जलरंगात. रंग तेवढे कॉम्प्युटरवर भरले. शाईचं पुष्कळसं काम चॅड यांच्या पत्नी माया यांच्या हातचं. चित्रं सेकंदाला २४. आमच्या धंद्यात वेळ आणि पैसा वाचवायला एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे १२ चित्रांत सेकंद निघतो. हे लोक त्या वाटेला गेले नाहीत. ज्याने एक सेकंदही हाताने काढलाय, त्याला याचा अर्थ मनगटात कळतो.

आता अवघडपणाकडे येते. ॲनिमेशनमध्ये हालचाल आधी उलट दिशेला सुरू होते. उडी मारणारा अगोदर गुडघ्यात वाकतो, ठोसा मारणारा हात मागे खेचतो. याला आम्ही ‘ॲंटिसिपेशन’ म्हणतो. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आले होते. आपल्याकडे हा धडा एका पिढीने दुसरीच्या हाती दिला त्याची सुरुवात तिथली. सिनेमात ही तयारीची चित्रं प्रेक्षकाला जाणवतात, दिसत नाहीत. ‘कपहेड’मध्ये मात्र ती दिसल्याशिवाय जीव वाचत नाही.

कॅग्नी कार्नेशन नावाचं फूल घ्या. लढत सुरू होताना ते हसऱ्या तोंडाने डोलत असतं. बघता बघता चेहरा फिरतो, दात बाहेर येतात. मग ते लांब मान करून डोकं पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेकतं, कधी वरून, कधी जमिनीलगत. वरून आलं तर तुम्ही खाली हवेत, खालून आलं तर तरंगत्या फळीवर. तीन फटके बसले की खेळ खलास. सुरुवातीला मला नुसतं फूल दिसायचं. मग दात दिसायला लागले. मरत मरत नजर आणखी मागे सरकली आणि झेपेआधी आवळून मागे घेतलेल्या डोक्यावर जाऊन थांबली. ते वर दबा धरतंय की खाली, हे त्या आकृतीतच काढलेलं आहे. अर्ध्या सेकंदाच्या तयारीला १२ चित्रं लागतात, आणि काढणाऱ्याने त्यातल्या प्रत्येकावर जीव ओतलाय. कुठल्याही सिनेमातली ही चित्रं मी इतक्यांदा, इतक्या गरजेने पाहिलेली नाहीत.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा दिसली आणि तिने मी भारावून गेले. आपल्या हातातल्या कपहेडला उडीआधी वाकायला वेळच नाही. बटण दाबलं की तो हवेत असायला हवा, नाहीतर खेळणाऱ्याला तो लोढणं वाटेल. म्हणजे नायकाची सगळी तयारी काढून घेतली आणि ती शत्रूंच्या पदरात टाकली. सिनेमात हे कधी करावं लागत नाही; ही खास गेमसाठी काढणाऱ्याची अक्कल आहे.

कुणी म्हणेल, यूट्यूबवर दुसऱ्याचा खेळ बघावा, मरायचा त्रास नाही. बघितलाय. चित्र बघणं आणि तेच चित्र वर कागद ठेवून गिरवणं यात जो फरक आहे, तोच इथे आहे. ‘नेटफ्लिक्स’वर २०२२ मध्ये याच पात्रांची मालिका आली, तीही गोड आहे, पण तिच्यातली एकही हालचाल माझ्या अंगात उतरली नाही.

तरी एका गोष्टीवर माझा खरा राग आहे. गेममध्ये ‘सिंपल’ नावाची सोपी पातळी आहे. तिच्यात अनेक लढतींचे टप्पेच गाळलेत, आणि तशा जिंकलेल्या लढतीचा, पुढे जायला लागणारा, करारनामा मिळत नाही, म्हणून किंग डाइस आणि सैतान या शेवटच्या बॉसपर्यंत पोचताच येत नाही. म्हणजे ज्याचे हात चालत नाहीत, त्याच्यापासून चित्रंच झाकून ठेवली. आमच्या धंद्यात मनगटं लवकर जातात. ज्यांनी हा गेम सगळ्यांत आधी बघायला हवा, त्यांनाच तो बंद. ‘सेलेस्ट’ हा २०१८ चा गेमही जीव काढणारा आहे, पण त्यात खेळाचा वेगच कमी करून घेता येतो. ‘कपहेड’ला ती सोय असती तर एकही चित्र गाळावं लागलं नसतं. उलट संथ झालेलं ॲंटिसिपेशन बघायला माझ्यासारखीने पैसे मोजले असते.

बाकी अवघडपणाबद्दल मी तक्रार करणार नाही. बहुतेक लढती दोनेक मिनिटांच्या. मेलात की पडद्यावर एक रेघ येते, तुम्ही कुठवर पोचला होतात ते तिच्यावर दिसतं, आणि बटण दाबलं की पुन्हा सुरू. बॉसची किती ताकद उरली हे सांगणारी पट्टी नाही, ते त्याच्या बदलत्या रूपावरून ओळखायचं. म्हणजे इथेही बघणं आलंच. मधल्या धावत गोळ्या झाडायच्या पातळ्या मात्र मला कोरड्या वाटतात. नाणी हवी असतील तेवढ्यापुरत्या त्या कराव्यात.

हात दुखणाऱ्या एका मैत्रिणीला मी सध्या याच गेमची २०२२ ची पुरवणी घ्यायला सांगितलंय. तिच्यातली मिस चॅलिस तीनऐवजी चार फटके सोसते, हवेत दुसरी उडी घेते, जमिनीवर लोळण घेऊन हल्ल्याखालून निसटते. मूळ गेममध्येही तिला घेऊन उतरता येतं, आणि तिने जिंकलेले करारनामे धरले जातात. आणि ते फूल गेमच्या पहिल्याच बेटावर आहे.