बाल्टिमोरच्या शाळा आणि लॅक्रॉसचे वेड

अमेरिकेतील मेरीलँड राज्याला दोन राज्यक्रीडा आहेत. घोडा दौडवीत भाल्याच्या टोकाने टांगती कडी टिपण्याच्या खेळाला १९६२ साली हा मान मिळाला; पुढे २००४ साली लॅक्रॉसला 'राज्याचा सांघिक खेळ' म्हणून त्याच्या शेजारी बसविण्यात आले. वसंत ऋतूतले पाच आठवडे आम्ही बाल्टिमोर शहरात भाचीच्या घरी काढले. तेवढ्या अवधीत घोड्यावरचा भालाईत एकही दृष्टीस पडला नाही. लॅक्रॉसची काठी मात्र जेथे जावे तेथे, बसथांब्यावर, वाण्याच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, पोराटोरांच्या हातांत दिसायचीच.

या काठीच्या टोकाला जाळीची लहानशी झोळी असते. कठीण रबराचा चेंडू तीत झेलायचा, पळताना काठी पाळण्यासारखी झुलवीत तो आत राखायचा आणि सहा फूट लांबरुंद गोलात भिरकावायचा. मुलांच्या संघात दहा खेळाडू असतात, आणि अंगाला अंग भिडत असल्यामुळे शिरस्त्राण व हातमोजे घालूनच मैदानात उतरावे लागते. खेळ मूळचा तेथील आदिवासी राष्ट्रांचा, मोहॉक, ओनोंडागा इत्यादिकांचा. त्यांच्या लेखी ते विधात्याचे देणे आहे. माँट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बीअर्स यांनी १८६७ साली त्याला नियमांत बसविले, १८७८ साली तो बाल्टिमोरला आला आणि तेथेच रुजला. मुंबईशीही त्याचा एक धागा जुळला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेट आणि लॅक्रॉस या दोहोंना एकाच बैठकीत मान्यता मिळाली.

परंतु बाल्टिमोरात हा खेळ समजून घ्यायचा तर ऑलिंपिककडे नव्हे, शाळांकडे पाहावे लागते. शहराच्या उत्तरेला रोलंड पार्क नावाची जुनी सधन वसाहत आहे. १८९१ पासून आखून वसविलेले ते वळणदार रस्ते, त्या उतरत्या छपरांचे बंगले आणि ते जुने वृक्ष पाहताना, या वसाहतीच्या खरेदीखतांत एके काळी कृष्णवर्णीयांना मज्जाव करणारी कलमे होती याचा सहज विसर पडतो. येथे गिलमन ही मुलांची शाळा आहे. १८९७ साली ती होमवुड नावाच्या वाड्यात सुरू झाली, जो आज जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आवारात आहे, आणि १९१० साली येथे आली. रस्त्यांपलीकडच्या मुलींच्या दोन शाळांशी तिला पूल जोडतात. जवळच १८४४ सालची बॉइज लॅटिन आहे. आणखी थोडे पुढे गेले की १८४५ ची कॅल्व्हर्ट हॉल आणि १८५२ ची लॉयोला या कॅथलिकांच्या दोन शाळा लागतात. त्यांचा आपसांतील फुटबॉलचा सामना १९२० पासूनची परंपरा आहे. इतक्या जुन्या, इतक्या तोलामोलाच्या आणि इतक्या जवळजवळ वसलेल्या शाळा एकत्र असल्यावर चुरस निर्माण व्हायला निराळे कारण लागत नाही.

एका शुक्रवारी दुपारी आम्ही असा एक सामना पाहिला. बाकांवर आजोबा, वडील आणि धाकटी भावंडे अशा तीन पिढ्या एकाच रंगाच्या टोप्या घालून बसल्या होत्या. आजोबा आपल्या वेळचा पराभव अजून विसरले नव्हते. इथपर्यंत सारे आम्हांला फार आवडले. मग शेजारचे एक गृहस्थ बोलते झाले, आणि या रंगांखाली चाललेला दुसरा व्यवहार ध्यानात आला.

चांगला खेळाडू शाळेत घडतो तसा तो बाहेरून आणलाही जातो. मूल सहावी-सातवीत असतानाच उन्हाळी क्लबांच्या स्पर्धांतून हेरले जाते. पालकांना शाळा पाहण्याचे आमंत्रण येते, आवारातून फिरवून आणतात, नववीचा प्रवेश सुचवितात. रोलंड पार्कच्या शाळांची वार्षिक फी तीस हजार डॉलरहून अधिक आहे; ज्याला ती परवडत नाही त्याच्यासाठी आर्थिक साहाय्य असते. साहाय्य घरच्या मिळकतीवर ठरते असे शाळा सांगतात, आणि हे ऐकून बाकांवरची मंडळी किंचित हसतात. शाळांच्या पलीकडे विद्यापीठे उभी. त्यांची घाई इतकी वाढली की नववीतली, प्रसंगी आठवीतली मुलेही तोंडी करार करू लागली. अखेर एप्रिल २०१७ मध्ये विद्यापीठीय क्रीडासंघटनेने नियम केला, की अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी प्रथम श्रेणीतील प्रशिक्षकांनी मुलाशी संपर्क साधू नये.

एक चाल तर आमच्यासारख्या मुख्याध्यापकाला थक्क करणारी वाटली. मूल खेळात चांगले असेल तर पालक त्याला होऊन एक इयत्ता पुन्हा करायला लावतात, म्हणजे बरोबरीच्या मुलांहून ते वर्षाने थोराड होते. आमच्याकडे नापास झालेला मुलगा महिनाभर गल्लीतून मान खाली घालून जातो. येथे त्याच वर्गात पुन्हा बसण्यासाठी हजारो डॉलर मोजतात! भाचीच्या शेजारचा मुलगा असा दुसऱ्यांदा आठवीत होता, आणि घरात त्याचे कौतुक चालले होते.

हे सारे कशासाठी? प्रथम श्रेणीतील पुरुषांच्या संघाला २०२५ पर्यंत शिष्यवृत्त्या होत्या साडेबाराच्या थोड्या वर, १२.६, आणि संघात मुले चाळीस-पन्नास. म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला तुकडाच. चार वर्षांची शालेय फी आणि हा तुकडा यांचा हिशेब कोणत्याही त्रैराशिकात बसत नाही. शेजारच्या गृहस्थांनीच उलगडा केला: पैसा मिळवायचा नसतो, प्रवेश मिळवायचा असतो. नामांकित विद्यापीठाचे दार उघडणारी ती किल्ली आहे. आयव्ही लीगची विद्यापीठे तर खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तरी त्यांच्या संघांत जागा मिळावी म्हणून झुंबड आहेच.

खेळाडू गोळा करण्याला नाके मुरडण्याचा अधिकार मात्र आम्हां इंदूरकरांना नाही. यशवंतराव होळकरांनी कर्नल सी. के. नायडूंना आणले, त्यांच्याभोवती संघ उभा केला, आणि होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९४५ च्या अंतिम सामन्यात खुद्द डेनिस कॉम्प्टन आमच्या बाजूने खेळला होता. त्याच्या नाबाद २४९ धावांचे कौतुक आमच्या वडीलधाऱ्यांना जन्मभर पुरले. पण तो संस्थानिकाचा शौक होता, आणि खेळणारी माणसे जाणती होती. तेरा वर्षांच्या मुलाचे मोल करणे ही गोष्ट वेगळी. आमच्या शाळेत धावण्यात पहिला आलेला मुलगा पुढच्या जूनमध्ये एका खाजगी शाळेच्या गणवेशात दिसतो, तेव्हा त्याचे भले झाले म्हणून आनंद वाटतो, आणि उरलेल्या मुलांचे चेहरे पाहवत नाहीत.

शहराबाहेर मॅक्डॉनो ही शाळा आहे. मैलोगणती पसरलेली हिरवळ पाहून आम्ही तिचा पूर्वेतिहास विचारला. बाल्टिमोरात जन्मलेला जॉन मॅक्डॉनो न्यू ऑर्लिन्समध्ये धनाढ्य झाला. तो गुलामांचा मालक होता. १८५० साली मरताना त्याने संपत्ती या दोन शहरांतील गरिबांच्या मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली. त्यातून १८७३ साली निराधार मुलांसाठी ही शेतीशाळा निघाली. पहिल्या वर्षी मुले होती एकवीस. १९२० च्या दशकात फी देणारी मुले येऊ लागली, १९५९ साली कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळाला, १९७५ साली मुलींना. त्याच मुलींच्या लॅक्रॉस संघाने २००९ ते २०१८ या काळात ओळीने १९८ सामने जिंकले. आज ही शाळा राज्यातील महागड्या शाळांत गणली जाते. गरजूंना ती साहाय्य देते. मृत्युपत्र लिहिणाऱ्याने ही हिरवळ ओळखली असती काय, कोण जाणे.

शाळांमधली भिंत पूर्वी इतकी उंच नव्हती. १९१९ पासून बाल्टिमोरच्या सरकारी आणि खाजगी शाळा एकाच क्रीडासंघटनेत होत्या. १८३९ ची सिटी कॉलेज आणि १८८३ ची पॉलिटेक्निक ही दोन्ही सरकारी हायस्कुले आहेत. ती या खाजगी शाळांच्या बरोबरीने एकाच संघटनेच्या स्पर्धांत उतरत. १९९३ साली सरकारी शाळा राज्याच्या संघटनेत गेल्या आणि खाजगी शाळांनी आपली वेगळी मांडली. सरकारी शाळांतील मुले या खेळात कमी नाहीत, याला दाखला आहे. याच शहरातील मॉर्गन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाने १९७५ साली वॉशिंग्टन अँड ली या बलाढ्य संघाला हरविले होते. तो संघ १९८१ साली बंद पडला.

पॉलिटेक्निक रोलंड पार्कच्या पायथ्याशी आहे. गिलमनपासून उतार धरला की पायी जाता येते. परत निघण्याच्या आधल्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका सरकारी शाळेच्या मैदानावर आम्ही लॅक्रॉसचा सराव पाहिला. गवत जागोजाग उडालेले, शिरस्त्राणे तीन-चार रंगांची. गोल राखणारा मुलगा विलक्षण चपळ होता; चेंडू काठीतून सुटायच्या आत त्याचे पाऊल पडे. आम्ही त्याची तारीफ केली, तेव्हा प्रशिक्षक हलक्या आवाजात म्हणाले, दोन शाळांनी त्याच्या आईला भेटायला बोलावले आहे, पुढच्या वसंतात तो येथे असेल की नाही हे सांगवत नाही. आणि लगेच त्यांनी त्याला हाक मारून काठी थोडी वर धरायला सांगितले.