रिकाम्या जागेचे व्याकरण

मार्टिन डुगियामास यांच्या ‘मूडल’ या मुक्तस्रोत अध्ययनप्रणालीची पहिली आवृत्ती ऑस्ट्रेलियातून २००२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील प्रत्येक वाक्य सुटे साठवलेले असते. स्वयंसेवक त्याचे भाषांतर सुचवतात. त्या भाषेचा जबाबदार अनुवादक ते पारखून स्वीकारतो. भाषांतर नसेल तेथे इंग्रजीच दिसते.

अडचण निराळीच आहे. वाक्यातील रिकामी जागा यंत्र मागाहून भरते. तेथे ‘शिक्षक’ आला, तर मराठीला ‘शिक्षकाने’ हवे असते. ‘आला’ की ‘आली’, हेही लिंगावर ठरते. यंत्राला ते उमगत नाही. म्हणून अनुवादक ‘नवीन सदस्य:’ असे लिहून नाव प्रथमेतच ठेवतो. व्याकरण सांभाळले जाते. पण वाक्य जाऊन नोंद उरते. विद्यार्थ्याशी बोलणारी मराठी अशी हळूहळू पाटीवरची मराठी होते.